ब्रुकलिनच्या स्त्री-कलावंतांचे एक वर्ष आणि आपले नागपूर

मा. संपादक महोदय,

सविनय जय भीम.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातील स्त्री-चित्रकारांचा परिचय करून देणारी लेखमाला मी नियमितपणे वाचत आहे. तिच्यातील प्रत्येक लेख एकेका स्त्रीविषयी आहे: तिचे बालपण, घरच्यांचा विरोध, तिने सोसलेले आजारपण किंवा एकटेपण, आणि शेवटी तिचे गाजलेले चित्र. लेख मनापासून लिहिलेले आहेत आणि त्यांबद्दल आपले आभार मानलेच पाहिजेत. तरीही उत्तर नागपुरातील शाळांमध्ये आयुष्यभर चित्रकला शिकवलेली एक निवृत्त शिक्षिका म्हणून मला त्यात एक उणीव जाणवते. एकेकटीच्या प्रतिभेची कथा वाचून इंदोऱ्यातील किंवा पाचपावलीतील मुलीला त्या बाईचे कौतुक वाटते, पण उद्या सकाळी उठून आपण काय करायचे, कोणाकडे जायचे, चित्र कुठे लावायचे, हे तिला त्यातून कळत नाही. ते कळायचे असेल तर एखाद्या समूहाने एका वर्षात काय काय केले, हे बारकाईने पाहावे लागते. असे एक वर्ष मला ठाऊक आहे आणि ते आपल्या वाचकांसमोर यावे, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र लिहीत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेल्या ‘व्हेअर वी ॲट’ या कृष्णवर्णीय स्त्री-कलावंतांच्या समूहाचे, 1971 च्या वसंत ऋतूत सुरू झालेले, ते पहिले वर्ष होय.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि ते विद्यापीठ हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला अगदी लागून आहे. पुढे 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नावच ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते. हा इतिहास आपल्याकडे भाषणांतून वारंवार सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. मात्र या साऱ्या देवाणघेवाणीत त्या चळवळीतील स्त्रिया, आणि त्यातही हातात कुंचला, सुई किंवा छपाईचा रूळ घेतलेल्या स्त्रिया, आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचल्याच नाहीत. ज्या वर्षी पँथरच्या छावण्या उभ्या राहत होत्या, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये या स्त्रिया शाळांत आणि तुरुंगांत रंग घेऊन जात होत्या. ती बातमी आपल्याला तेव्हा मिळाली असती तर किती बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते.

त्या काळचे न्यूयॉर्क कसे होते, हे थोडे सांगितले पाहिजे. 1969 मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर एक मोठे प्रदर्शन भरवले. त्यात हार्लेमची छायाचित्रे भरपूर होती, पण हार्लेममध्ये राहून रंगवणाऱ्या चित्रकारांची चित्रे त्यात नव्हती. लोक रस्त्यावर उतरले आणि त्या निषेधातून कृष्णवर्णीय कलावंतांची एक आघाडी तयार झाली. दोन वर्षांनी व्हिटनी म्युझियमने समकालीन कृष्णवर्णीय कलावंतांचे प्रदर्शन जाहीर केले, परंतु त्याची निवड आणि मांडणी यांत कृष्णवर्णीय जाणकारांना स्थान दिले नाही, तेव्हा 15 कलावंतांनी आपली कामे काढून घेतली. ग्रिनिच व्हिलेज भागात नायजेल जॅक्सन या कृष्णवर्णीय चित्रकाराची ‘ॲक्ट्स ऑफ आर्ट’ नावाची छोटी गॅलरी होती. व्हिटनीला उत्तर देणारे प्रदर्शन 1971 च्या एप्रिलमध्ये तिथे भरले. या गॅलरीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढचा प्रसंगही तिथलाच आहे.

हा झाला गोऱ्यांच्या संस्थांशी असलेला झगडा. पण स्त्रियांना आणखी एक दार बंद होते आणि ते घरातले होते. 1963 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पायरल’ या नामवंत कृष्णवर्णीय चित्रकारांच्या गटात एमा एमोस ही एकच स्त्री होती. हार्लेममधील ‘वेउसी’ हा गट आफ्रिकी परंपरेचा अभिमान बाळगणारा आणि अत्यंत कर्तबगार होता, पण त्यावरही पुरुषांचेच वर्चस्व होते, आणि त्यात काम करणाऱ्या के ब्राउन व डिंडगा मॅकॅनन यांना ते रोज जाणवत होते. दुसरीकडे गोऱ्या स्त्रियांची कलाचळवळ होती. त्यांनी 1972 मध्ये ‘ए. आय. आर.’ ही स्त्रियांची सहकारी गॅलरी काढली, तिच्या 20 संस्थापकांपैकी हॉवर्डिना पिंडेल ही एकटीच कृष्णवर्णीय होती. वर्णाच्या लढ्यात स्त्री म्हणून मागे आणि स्त्रियांच्या लढ्यात वर्णाने मागे, अशी ही अवस्था आपल्याकडच्या दलित स्त्रीला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

1971 च्या वसंतात के ब्राउन, डिंडगा मॅकॅनन आणि फेथ रिंगगोल्ड यांच्या पुढाकाराने काही कृष्णवर्णीय स्त्री-कलावंत मॅकॅनन यांच्या ब्रुकलिनमधील घरी जमल्या. कोणा संस्थेचे निमंत्रण नव्हते, सभागृह नव्हते, प्रमुख पाहुणा नव्हता. बोलणे निघाले ते घरकामाचे, मुले सांभाळण्याचे, नोकरीचे, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात चित्र कसे काढायचे याचे. मला या बैठकीचे महत्त्व फार वाटते. कलेच्या इतिहासात शैली, जाहीरनामे आणि वाद यांची नोंद होते, पण मूल झोपल्याशिवाय रंगाची बाटली उघडता येत नाही, या अडचणीवर कलावंतांनी एकत्र बसून विचार केल्याची नोंद विरळाच सापडते. या स्त्रियांनी तो विचार पहिल्याच भेटीत केला आणि त्यातूनच एकत्र प्रदर्शन भरवण्याचे ठरले.

त्याच वर्षी 14 स्त्रियांचे हे प्रदर्शन ‘ॲक्ट्स ऑफ आर्ट’मध्ये भरले. न्यूयॉर्क शहरात केवळ कृष्णवर्णीय स्त्री-कलावंतांनी एकत्र येऊन भरवलेल्या पहिल्या प्रदर्शनांपैकी ते एक मानले जाते. आदल्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये सुझान जॅक्सन यांच्या गॅलरीत असाच एक प्रयत्न झाला होता, आणि बेटी सार, सेंगा नेंगुडी यांसारख्या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या स्त्रिया त्यात होत्या, हेही नमूद केले पाहिजे. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला जे नाव दिले होते तेच पुढे समूहाचे नाव झाले. उद्घाटनाला तिथल्या रिवाजाप्रमाणे मद्य आणि चीज ठेवण्याऐवजी या स्त्रियांनी पाहुण्यांसाठी घरच्यासारखे शिजवलेले जेवण ठेवले होते. ज्यांनी आयुष्यात कधी गॅलरीची पायरी चढली नव्हती, असे शेजारीपाजारी त्या अन्नाच्या वासाने आत आले असतील तर मला त्यात काही नवल वाटणार नाही. आपल्याकडे प्रदर्शनाच्या उद्घाटनाला दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ होते, व्यासपीठावर मान्यवरांची भाषणे होतात, आणि जिची चित्रे भिंतीवर आहेत ती बाई शेवटच्या रांगेत पदर सावरत बसलेली असते. ही रीत आपल्याला बदलता येईल. त्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

त्यांच्या कामाचे विषय काय होते, याचीही दखल घ्यावी. कृष्णवर्णीय कुटुंब, स्त्री-पुरुषांचे परस्परसंबंध, आफ्रिकेची परंपरा आणि भोवतालची सामाजिक स्थिती हे त्यांचे विषय होते. डिंडगा मॅकॅनन यांचे ‘रेव्होल्यूशनरी सिस्टर’ हे त्याच वर्षीचे, म्हणजे 1971 चे काम आज ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. लाकडावर रंगवलेल्या त्या लढाऊ स्त्रीच्या कमरेला गोळ्यांचा पट्टा आहे आणि तिच्या साजासाठी हार्डवेअरच्या दुकानातील वस्तू वापरल्या आहेत. लढाईच्या चित्रांत स्त्रिया जवळपास दिसतच नाहीत, ही खंत त्या कामामागे होती. कागद, कॅनव्हास आणि महागडे रंग यांवाचून अडून न बसता हाताशी असेल त्यातून चित्र उभे करण्याची ती वृत्ती माझ्या विद्यार्थिनींना मी पुष्कळदा सांगितली आहे.

या स्त्रियांनी पुरुषांशी नाते तोडले नाही. यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही होतात. गोऱ्या स्त्रीवाद्यांनी पुरुषप्रधान व्यवस्थेविरुद्ध जो सूर लावला, त्यापेक्षा यांचा सूर वेगळा होता. आपल्या समाजावर बाहेरून जो घाव पडतो तो पुरुष-स्त्री दोघांवर पडतो, हे त्यांना विसरता येत नव्हते. काही अभ्यासक याला त्यांची मर्यादा मानतात. मला ते पटत नाही. वस्तीत राहणाऱ्या, भावाच्या अटकेची आणि नवऱ्याच्या बेकारीची झळ स्वतः सोसणाऱ्या स्त्रीला ‘आधी जात की आधी बाईपण’ हा प्रश्न पुस्तकातल्यासारखा सोडवता येत नाही. या समूहाने तो प्रश्न बाजूला न सारता, आपली खोली वेगळी ठेवून आणि मोहल्ला एकच ठेवून काम केले. म्हणूनच 1972 मध्ये त्यांचे पुढचे प्रदर्शन हार्लेममधील वेउसीच्याच गॅलरीत भरू शकले. ज्या घरात आपल्याला पुरेशी जागा मिळत नव्हती, त्याच घरात त्या वर्षभराने आपले नाव घेऊन परतल्या. भांडून निघून जाणे यापेक्षा सोपे होते.

या दोन प्रदर्शनांच्या मध्ये जे घडले त्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण त्याची तुलना करण्यासारखे उदाहरण मला दुसरीकडे आढळलेले नाही. समूहाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फेथ रिंगगोल्ड यांना सार्वजनिक कलेसाठीचे एक अनुदान मिळाले. एखाद्या मोठ्या चौकातील भिंत मागण्याऐवजी त्यांनी न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगासाठी चित्र काढायचे ठरवले. रंग लावण्यापूर्वी त्या बंदिवान स्त्रियांना भेटल्या आणि भिंतीवर काय पाहायला आवडेल असे त्यांना विचारले. इथून बाहेर जाणारा लांब रस्ता दाखवा, असे एका स्त्रीने सांगितल्याचे रिंगगोल्ड यांनी नोंदवले आहे. त्या उत्तरावर त्यांनी विचार केला आणि त्रिकोणी भागांत विभागलेले, 8 फूट लांब व 8 फूट रुंद असे भव्य चित्र तयार केले. त्यात एकही पुरुष नाही. स्त्री बस चालवते आहे, स्त्री डॉक्टर शिकवते आहे, स्त्री बांधकामावर आहे, पोलिसात आहे, बास्केटबॉल खेळते आहे, लग्न लावते आहे, आणि एक स्त्री अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष आहे. 1972 च्या जानेवारीत हे चित्र तुरुंगात लागले. बाहेर जाण्याचा रस्ता त्यांनी अशा रीतीने दाखवला: तुरुंगातून सुटल्यावर बाईला काय काय होता येईल, हे रंगवून.

या चित्राचे पुढे जे झाले ते वाचकांना कळले पाहिजे. 1988 मध्ये तो तुरुंग पुरुषांचा झाला आणि तिथल्या प्रशासनाने चित्रावर चक्क पांढरा रंग फासला. ते वाचले, स्वच्छ झाले, पुन्हा स्त्री-कैद्यांच्या इमारतीत लागले, आणि अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर ते ब्रुकलिन म्युझियमकडे सोपवण्याचा निर्णय झाला. सार्वजनिक भिंतीवरील चित्राचे रक्षण करण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून घेतले नाही तर काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. आपल्याही शहरात उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या भिंती मोठ्या हौसेने रंगवल्या जातात आणि दोन पावसाळ्यांत किंवा पुढच्या जाहिरातीखाली ती चित्रे नाहीशी होतात. कोणी रंगवले होते, हे त्यानंतर कोणालाही सांगता येत नाही.

त्या तुरुंगातील चित्रात बस चालवणारी स्त्री ही 1972 मध्ये कल्पना होती. आज इंदोरा चौकातून ऑटोमोटिव्ह चौकाकडे धावणाऱ्या आपल्या मेट्रोच्या चालकांमध्ये मुली आहेत. ही गोष्ट आमच्या भागातील लहान मुलींना ठाऊक आहे, पण तिचे चित्र कोणी काढलेले मी अद्याप पाहिलेले नाही.

प्रदर्शनांखेरीज या समूहाचे जे रोजचे काम होते ते शिकवण्याचे. शाळा, रुग्णालये, तुरुंग आणि वस्तीतील सांस्कृतिक केंद्रे इथे या स्त्रिया कार्यशाळा घेत. त्यात चित्रकलेबरोबर हस्तकलाही असत. न्यूयॉर्क राज्याच्या कला परिषदेकडून मिळालेल्या अनुदानाचा उपयोग त्यांनी अशा कामांसाठी केला. स्वतःची चित्रे विकली जात नसतानाच्या काळात शेजारच्या मुलांच्या हाती रंग देणे हा त्याग होता असे कोणी म्हणेल, परंतु मला ते शहाणपण वाटते. ज्या समाजात चित्र पाहायला येणारा माणूसच तयार झालेला नाही, तिथे कलावंताला आधी आपला प्रेक्षक घडवावा लागतो, आणि तो घडवण्याची जागा शाळा हीच असते. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे हे मत पक्षपाती वाटण्याचा संभव आहे, तरी ते मी बदलणार नाही.

या वर्षाला यशाची गोष्ट म्हणून रंगवणे योग्य होणार नाही. मोठ्या संग्रहालयांनी या स्त्रियांची दखल घ्यायला जवळपास अर्धे शतक लावले. फेथ रिंगगोल्ड यांचे 1967 चे ‘डाय’ हे प्रचंड चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतले ते 2016 मध्ये. ब्रुकलिन म्युझियमने 1965 ते 1985 या काळातील क्रांतिकारी कृष्णवर्णीय स्त्री-कलावंतांवर मोठे प्रदर्शन भरवले ते 2017 मध्ये, आणि तेव्हा कुठे सर्वसामान्य प्रेक्षकाला ‘व्हेअर वी ॲट’ हे नाव ऐकू आले. रिंगगोल्ड 2024 मध्ये वयाच्या 93 व्या वर्षी निधन पावल्या. त्यांना निदान आपला सन्मान पाहायला मिळाला. पहिल्या प्रदर्शनातील 14 जणींपैकी बहुतेकींची नावे मात्र आज अभ्यासकांखेरीज कोणाला माहीत नाहीत. जे काही माहीत आहे ते मुख्यतः के ब्राउन यांनी त्या दिवसांची हकिकत स्वतः लिहून ठेवल्यामुळे. त्यांनी लिहिले नसते, तर ब्रुकलिनच्या त्या घरातील बैठक झालीच नव्हती असे आज धरले गेले असते.

इथे मला नागपूरची आठवण येणे अपरिहार्य आहे. 20 जुलै 1942 रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया आल्या होत्या. एखाद्या समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून मी मोजतो, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध उद्गार त्याच परिषदेतले आहेत. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांच्या कामाच्या अटी यांवर त्या स्त्रियांनी ठराव केले, आणि तेही ज्या काळात त्यांतील कित्येकींना सही करता येत नव्हती त्या काळात. रेल्वे स्थानकावर ओझी वाहून शिकलेल्या आणि अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी याच शहराच्या. या स्त्रियांविषयी आज जे थोडेफार ठाऊक आहे ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वृद्ध कार्यकर्त्यांच्या घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि 1989 मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या म्हणून. के ब्राउन यांनी ब्रुकलिनसाठी जे केले तेच काम या दोघींनी आपल्यासाठी केले. पण त्या परिषदेला आलेल्या स्त्रियांनी कोणते फलक रंगवले, मंडपावर काय काढले होते, झेंडे कोणी शिवले, हे आता विचारायला कोणी उरलेले नाही.

आज नागपुरात चित्र काढणाऱ्या स्त्रिया नाहीत असे कोणी म्हणू नये. मूर्तिकारांच्या चितारओळीत गणपतीच्या दिवसांत कुटुंबातील स्त्रिया रंग कालवतात, अस्तर देतात, दागिन्यांची बारीक कामे करतात, आणि मूर्तीवर नाव लागते ते घरच्या पुरुषाचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या ज्या मूर्ती, तसबिरी विकल्या जातात, त्यांतील कित्येकींवर शेवटचा हात स्त्रियांचाच फिरलेला असतो. वस्तीत भीमजयंतीच्या आदल्या रात्री चौकभर रांगोळीने बाबासाहेबांचे चित्र काढणाऱ्या मुली तर प्रत्येक गल्लीत आहेत. शासकीय चित्रकला महाविद्यालयातून दरवर्षी मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी तिथे शिकल्या; लग्नानंतर त्यांच्यातील फार थोड्यांच्या हाती कुंचला राहिला, आणि ज्यांच्या हाती राहिला त्या बहुतेक लग्नाच्या मंचांची सजावट करतात. त्या कामात कमीपणा नाही. परंतु आपल्या मनातले चित्र काढण्यासाठी त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक भिंत हवी आहे, आणि तेवढेही शहर त्यांना देत नाही.

गोधडीचाही उल्लेख करते. फेथ रिंगगोल्ड यांनी 1980 मध्ये, शिवणकामात निष्णात असलेल्या आपल्या आईच्या, विली पोझी यांच्या, साहाय्याने पहिली गोधडी तयार केली आणि पुढे कथा सांगणाऱ्या गोधड्यांसाठीच त्या जगभर ओळखल्या गेल्या. गुलामगिरीच्या काळात त्यांच्या घराण्यातील स्त्रिया मालकांसाठी गोधड्या शिवत असत. विदर्भात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बाया घरोघरी होत्या आणि अजूनही कुठे कुठे आहेत. त्यांच्या टाक्यांत जे रंगभान असते ते पाहून मी स्वतः थक्क झाले आहे. अजब बंगल्याच्या, म्हणजे आपल्या शहरातील संग्रहालयाच्या, दालनांत शिलालेख आणि शस्त्रे जपली जातात, तशी उत्तर नागपुरातील एखाद्या आजीने शिवलेली गोधडी, तिच्या नावासह, तिथे का असू नये, असा माझा प्रश्न आहे.

आता मागणीकडे वळते. महानगरपालिका, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि शहरातील ज्या संस्थांकडे प्रदर्शनाची दालने आहेत, त्यांपैकी कोणीतरी एका संस्थेने शहरातील दलित, आदिवासी, मुस्लिम आणि कष्टकरी वस्त्यांतील स्त्री-कलावंतांसाठी एक जागा एका पूर्ण वर्षासाठी द्यावी. 8 मार्चच्या एका दिवसाच्या प्रदर्शनाने काही साधत नाही. चित्रे सकाळी लागतात, दुपारी छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी खिळे उपसले जातात. वर्षाची सुरुवात 20 जुलैला, म्हणजे 1942 च्या परिषदेच्या दिवशी व्हावी. जागा अशी असावी की इंदोरा, जरीपटका, कामठी रस्ता या भागांतून बसने किंवा मेट्रोने पोहोचता येईल. ती संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवारी दिवसभर उघडी असावी, कारण दुपारी अकरा ते पाच या सरकारी वेळेत घरकाम करणारी, विडी वळणारी किंवा दुकानात उभी राहणारी बाई येऊ शकत नाही. लहान मुलांसाठी एक कोपरा आणि त्यांच्याकडे पाहणारी एक बाई असावी. हा खर्च रंगांइतकाच आवश्यक मानावा. ब्रुकलिनच्या पहिल्या बैठकीत पहिली अडचण हीच निघाली होती.

त्या वर्षात मध्यवर्ती कारागृहाच्या महिला विभागात आणि डागा स्त्री रुग्णालयात नियमित कार्यशाळा व्हाव्यात, असेही मला वाटते. कारागृह प्रशासनाकडे अर्ज करण्याची, नियम पाळण्याची आणि शिकवण्याची तयारी असलेल्या आम्ही काही निवृत्त शिक्षिका आहोत. कैदी स्त्रियांना आधी विचारल्याशिवाय त्यांच्या भिंतीवर काही रंगवू नये, ही अट मात्र आमची राहील. बाळंतपणासाठी किंवा सुनेच्या सोबतीला आलेल्या खेड्यापाड्यांतील बायका डागाच्या आवारात तासन्‌तास बसून असतात. त्यांना कापडाचे तुकडे आणि सुई-दोरा दिला तर काही दिवसांत एक मोठी गोधडी तयार होईल आणि तिच्यात साऱ्या पूर्व विदर्भाचे टाके असतील.

खर्चाविषयी कोणी प्रश्न उपस्थित करील, म्हणून सांगते. दालन आहेच, वीज आहेच, शिकवणाऱ्या आहेत. रंग, कागद, कापड आणि मुले सांभाळणाऱ्या बाईचे मानधन एवढ्याचीच तरतूद लागेल, आणि ती महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून करता येण्यासारखी आहे. ज्या स्त्रीचे चित्र विकले जाईल, तिला पूर्ण रक्कम मिळावी आणि संस्थेने त्यातून वाटा घेऊ नये. भिंतींवर जी चित्रे काढली जातील त्यांच्यावर चित्रकर्तीचे नाव असावे, आणि ती पुसायची झाल्यास तिला आधी लेखी कळवले जाईल असे करारात असावे. रायकर्स बेटावरील चित्राच्या बाबतीत तसा करार असता तर त्यावर पांढरा रंग फासण्यापूर्वी कोणाला तरी विचारावे लागले असते.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक वेगळी विनंती आहे. शहरातील नाटकांची परीक्षणे आपण छापता, गायनाच्या मैफलींविषयी सविस्तर लिहिता. वस्तीतील स्त्रियांच्या चित्रांची बातमी मात्र ‘महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ या मथळ्याखाली, उद्घाटकांच्या नावांसह येते आणि चित्रांविषयी तिच्यात एक ओळही नसते. असे प्रदर्शन भरेल तेव्हा कलेचा जाणकार प्रतिनिधी पाठवावा, त्याने चित्रे पाहावीत, काय जमले आणि काय फसले हे स्पष्ट लिहावे, आणि प्रत्येकीचे पूर्ण नाव तपासून, शुद्ध छापावे. लेखमालेचे आणखी भाग प्रसिद्ध व्हायचे असतील, तर त्यातील एखादा भाग एका व्यक्तीऐवजी अशा समूहाला द्यावा. के ब्राउन, डिंडगा मॅकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांविषयी मजकूर जमवण्यास मी आनंदाने साहाय्य करीन. नागपुरातील ज्या स्त्रिया चित्र, रांगोळी, मूर्तिकाम किंवा शिवणकाम करतात, त्यांनी आपली नावे व कामाची छायाचित्रे आपल्या कार्यालयाकडे पाठवावीत, असे आवाहन आपण या पत्रासोबत प्रसिद्ध केले, तर 20 जुलैच्या आत पहिली यादी तयार होऊ शकेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका
उत्तर नागपूर